११३ वर्षं कुणाला दिसला नाही, तो रानपिंगळा शहाद्याजवळ सापडला. पण त्याआधी एका खोट्या चिठ्ठीने सगळ्यांना चकवलं होतं

मुंबईत राहत असाल तर तानसा हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. पावसाळा आला की 'तानसा भरून वाहू लागला' अशी बातमी दर वर्षी येते. आपण ती वाचतो, पाणीकपात टळली म्हणून खूश होतो आणि पुढे स्क्रोल करतो.

या तलावाच्या भोवती अभयारण्य आहे. २०१४ साली तिथल्या झाडांवर एक छोटं घुबड दिसलं आणि पक्षीअभ्यासकांच्या जगात खळबळ उडाली. कारण या घुबडाला एकेकाळी जगाने जवळपास नामशेष मानलं होतं. ११३ वर्षं त्याची एकही खरी नोंद नव्हती. त्यात भर म्हणून एका ब्रिटिश कर्नलने त्याच्या नावावर एवढी मोठी थाप मारून ठेवली होती, की ती उघडी पडायला ८० हून जास्त वर्षं गेली.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट. मध्य आणि पश्चिम भारतातल्या मोजक्या जंगलांपलीकडे तो जगात कुठेही नाही, आणि त्याचे सगळ्यात महत्त्वाचे पत्ते महाराष्ट्रात आहेत. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

सुरुवात झाली १८७२ मध्ये

डिसेंबर १८७२. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने एक छोटं घुबड टिपलं. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बंदुकीने पक्षी मारायचा, त्याची कातडी काढायची, आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी मिळवला हे सगळं त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं.

हा नमुना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पोचला. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर, शाळेच्या इतिहासात काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटलेले ते हेच ह्यूम. राजकारणात येण्याआधी ते भारतातले सगळ्यात मोठे पक्षीअभ्यासक होते. १८७३ मध्ये त्यांनी ही नवीन जात असल्याचं जाहीर केलं आणि ब्लेविट यांच्यावरून तिला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' असं नाव दिलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत आणखी काही पक्षी मिळाले. त्यातले बहुतेक जेम्स डेव्हिडसन यांनी आपल्या खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोदा भागात मिळवले. डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी. कामाच्या निमित्ताने फिरायचे आणि पक्षी गोळा करायचे.

१८८४ मध्ये शेवटची नोंद झाली आणि त्यानंतर रानपिंगळा गायबच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून १९ व्या शतकातले जेमतेम सात नमुने उरले. जिवंत पक्ष्याचा पत्ता नाही, फोटो नाही, आवाजाचं रेकॉर्डिंग नाही.

मग कर्नलसाहेबांची एन्ट्री होते

१८८४ नंतरची एक नोंद मात्र पुस्तकांत सापडायची. ती होती १९१४ ची. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी इथे रानपिंगळा मिळवला, असं त्यांच्या नमुन्यावरची चिठ्ठी सांगत होती.

मायनर्ट्झहागेन हे त्या काळचं बडं प्रस्थ. लष्करी अधिकारी, गुप्तहेर, नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. त्यांच्याकडे जवळपास २०,००० पक्ष्यांचा संग्रह होता आणि १९५४ मध्ये तो त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला दिला. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? रानपिंगळ्याची सर्वांत ताजी नोंद म्हणून ती मान्य झाली.

सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले या दिग्गजांनीही १९७० च्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. जे फोटो रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले, ते नीट पाहिल्यावर साध्या पिंगळ्याचे निघाले. हळूहळू अनेकांनी मान्य केलं, की हा पक्षी संपला असावा.

थाप कशी पकडली गेली?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर एक मोठं पुस्तक तयार करत होत्या. त्यासाठी संग्रहालयातले जुने नमुने एकेक करून तपासण्याचं काम चालू होतं. मायनर्ट्झहागेन यांच्याबद्दल तोवर कुजबुज सुरू झालेली होतीच. संग्रहालयातले पक्षी घरी नेल्याच्या संशयावरून त्यांना हयातीत काही काळ पक्षीविभागात प्रवेशबंदीही झाली होती. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या अभ्यासकाने त्यांच्या काही नमुन्यांत फसवणूक असल्याचं लिहिलं होतं.

रासमुसन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी १९१४ चा तो रानपिंगळा तपासायला घेतला. एक्स-रे काढले. भरण्याची पद्धत, टाके, आतला कापूस सगळं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, की हा पक्षी दोनदा भरलेला आहे. म्हणजे आधी कुणीतरी तो तयार केला होता, नंतर दुसऱ्या कुणीतरी उसवून पुन्हा शिवला होता. आणि पहिल्या भरणीच्या ज्या खुणा शिल्लक होत्या, त्या एका ओळखीच्या हाताच्या होत्या. खानदेशातल्या जेम्स डेव्हिडसन यांच्या.

जसं प्रत्येक शिंप्याची शिलाई वेगळी असते, तसंच पक्षी भरणाऱ्याचंही असतं. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला पक्षी कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून उचलला, त्याचं रूप बदललं, जुनी चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या नावाची नवी चिठ्ठी लावली. तारीख खोटी, ठिकाण खोटं, मिळवणाराही खोटा. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याचा फोटो क्रॉप करून, वॉटरमार्क पुसून, चुकीचं लोकेशन टाकून आपल्या अकाउंटवरून पोस्ट केला.

रासमुसन आणि कॉलर यांचा हा सविस्तर शोधनिबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात छापून आला. पण त्याचा खरा उपयोग त्याआधीच झाला होता.

२५ नोव्हेंबर १९९७, शहादा

१९१४ ची नोंद खोटी ठरली, की शोधाचा नकाशाच बदलतो. मांडवी बाद. उरतात फक्त १८७२ ते १८८४ मधल्या खऱ्या जागा. म्हणजे पूर्वेला छत्तीसगड-ओडिशाचा पट्टा आणि पश्चिमेला खानदेश.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसन, पक्षीतज्ज्ञ बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघं भारतात आले. पूर्वेकडे शोधूनही काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात २५ नोव्हेंबरला सकाळी बेन किंग यांची नजर एका झाडावर गेली. एक छोटं घुबड दिवसाउजेडी निवांत बसलेलं होतं. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती गडद, पोट पांढरं.

तो रानपिंगळा होता. तिघांनी त्याचे फोटो काढले, व्हिडिओ केला. ११३ वर्षांनी पहिल्यांदा पुरावा मिळाला, आणि तोही बंदूक न चालवता.

गंमत बघा, ही जागा तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. म्हणजे रानपिंगळा नंदुरबार जिल्ह्यापेक्षा सात महिने आधी 'सापडला'.

'सापडला' हा शब्द तसा जगासाठी. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या शेताच्या बांधापलीकडेच तो राहत होता. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

साधा पिंगळा आणि रानपिंगळा यात फरक काय?

पिंगळा आपल्याला नवीन नाही. गावातल्या वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्यात, शहरातल्या सोसायटीतही तो असतो. पहाटे दारावर येणारा 'पिंगळा' हा लोककलावंत त्याचीच भाषा जाणतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. रानपिंगळा त्याचा नातेवाईक. दोघं आकाराने जवळपास सारखे, वीत-सव्वा वीत. त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे.

ओळखायच्या खुणा अशा आहेत :

- डोकं : पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च भरलेले असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं, ठिपके असलेच तर अगदी पुसट.
- छाती आणि पोट : रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी असते आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पिंगळ्याच्या पोटावर खालपर्यंत तपकिरी खुणा असतात.
- अंगलट : रानपिंगळ्याचं डोकं आणि चोच शरीराच्या मानाने मोठी. पायांवर पांढऱ्या पिसांची दाट झालर.
- शेपटी : पांढरे रुंद पट्टे. अस्वस्थ झाला की शेपटी भराभर दोन्ही बाजूंना हलवतो.
- वेळ : ही सगळ्यात महत्त्वाची खूण. पिंगळा मुख्यतः संध्याकाळनंतर कामाला लागतो, रानपिंगळा मात्र दिवसा शिकार करतो. थंडीत सकाळी झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो.

म्हणजे शोधणाऱ्यांनी त्याला रात्री बॅटरी घेऊन शोधलं असतं, तर तो सापडण्याची शक्यता कमीच होती.

तो खातो काय, राहतो कुठे?

पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ आणि मेळघाटात त्याचा अभ्यास केला. आज आपल्याला त्याच्याबद्दल जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग या कामातून आलेला आहे. त्याच्या जेवणात निम्म्याहून जास्त वाटा सरड्यांचा असतो. त्याशिवाय उंदीर, नाकतोडे, बेडूक, कधीतरी छोटे पक्षी.

ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ चालतो. घरटं झाडाच्या ढोलीत, अंडी साधारण दोन. मादी अंडी उबवते, नर शिकार आणून देतो. पिल्लं महिनाभरात ढोलीबाहेर येतात. काही वेळा पालकांनीच पिल्लू खाल्ल्याची नोंदही याच अभ्यासकांनी केलेली आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण घुबडांमध्ये असं घडतं.

त्याचं जंगल म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं घनदाट, हिरवंगार जंगल नव्हे. पानगळीचं, मोकळं-ढाकळं जंगल. साग, सोबत सालई, मोई अशी झाडं, मध्ये गवत, खाली सरडे. मार्च-एप्रिलमध्ये बघायला गेलात तर तुम्ही म्हणाल, 'इथे आहे काय? सगळं वाळलंय.' नेमकी हीच त्याची अडचण आहे. ती पुढे बघू.

आज तो कुठे-कुठे आहे?

१९९७ नंतर शोध वाढले. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूलकडची जंगलं असे पत्ते मिळत गेले. सगळ्यात भक्कम वस्ती मेळघाटात आहे. वाघासाठी १९७० च्या दशकात राखलेलं हे जंगल या छोट्या घुबडालाही पदरात घेऊन बसलं, आणि त्या वेळी हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग २०१४ मध्ये तानसा. सातपुड्यापासून दूर, पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला त्याची पहिली नोंद झाली. पाठोपाठ गुजरातमध्ये डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो दिसला.

इथे एक प्रश्न पडू शकतो. गुजरातमध्ये रानपिंगळा खरंच आहे, मग कर्नलसाहेबांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच निघालं की! तर नाही. मांडवीला पक्षी मिळाल्याचा कोणताही पुरावा नव्हता आणि आजही त्या चिठ्ठीला काडीची किंमत नाही. अंदाज योगायोगाने खऱ्याच्या जवळ गेला, म्हणून पुरावा खरा होत नाही. गुजरातचा रानपिंगळा सिद्ध झाला तो प्रत्यक्ष पाहून, नोंद करून. फॉरवर्ड मेसेज नंतर खरा निघाला तरी फॉरवर्ड करताना तो तपासलेला नव्हता, हे जसं बदलत नाही, तसंच हे आहे.

आणखी एक वाद होता तो नावाचा. हा पक्षी पिंगळ्याच्याच गटातला, की त्याचा गट स्वतंत्र? ह्यूम यांनी त्याला वेगळा गट दिला होता. २०१८ मध्ये पंकज कोपर्डे, प्राची मेहता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या जनुकीय अभ्यासात तो पिंगळ्याच्या 'अथेनी' गटातच बसतो असं दिसलं. १८७३ पासूनच्या वादाचं उत्तर देण्यात मराठी नावं पुढे होती, हे सांगायलाच हवं.

'धोका कमी झाला' या बातमीचा अर्थ काय?

२०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने रानपिंगळ्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. एक पायरी खाली. तेव्हा अनेकांनी 'रानपिंगळे वाढले' असं म्हटलं.

ते तसं नाही. पक्षी वाढले नाहीत, आपली माहिती वाढली. नव्या जागा कळल्या, त्यामुळे अंदाज सुधारला. हा अंदाज आहे २५० ते १,००० च्या आत प्रौढ पक्षी, संपूर्ण जगात. आपल्या एखाद्या मध्यम लग्नात याहून जास्त माणसं जेवतात. शिवाय हे पक्षी एका जागी नाहीत. एकमेकांपासून तुटलेल्या जंगलांच्या तुकड्यांत ते विखुरलेले आहेत. एका तुकड्यातले संपले तर दुसरीकडून येऊन जागा भरतील, याची खात्री नाही.

आता मघाची अडचण. मोकळं, वाळकं दिसणारं जंगल आपल्याला 'निकामी' वाटतं. मग ते शेतीसाठी फोडलं जातं, प्रकल्पासाठी सहज सोडलं जातं. जुनं, पोकळ, अर्धमेलं झाड सरपणासाठी पहिलं जातं, आणि ढोली नेमकी त्याच झाडात असते. नवीन सागाची रोपं लावली तरी त्यात ढोली तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात लागणारे वणवे गवत आणि सरडे दोन्ही संपवतात.

यात दोष फक्त जंगलाकाठच्या माणसावर ढकलणं सोपं आहे. चूल पेटवायला दुसरं काही नसेल तर तो लाकूडच आणणार. रोजगार, इंधन आणि वनहक्क यांची उत्तरं न देता 'जंगल वाचवा' म्हणणं म्हणजे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं.

आणि अंधश्रद्धा आहेच. घुबड अपशकुनी म्हणून मारायचं, नाहीतर लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीत तंत्रमंत्रासाठी विकत घ्यायचं. दोन्हीकडून मरण घुबडाचंच. भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापाराबद्दल ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० मध्येच इशारा दिलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्यातले बहुतेक जण मेळघाटात जाऊन ढोल्या मोजणार नाहीत. पण मोबाइल हातात घेऊन एवढं नक्की करता येईल :

१. रानपिंगळा दिसला आणि फोटो मिळाला, तर टाका. पण घरट्याचं नेमकं ठिकाण टाकू नका. लोकेशन टॅग बंद ठेवा. विणीच्या काळात घरट्यापासून लांब राहा.

२. चांगल्या फोटोसाठी स्पीकरवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा शिरला. मग शिकार आणि पिल्लं सोडून तो भांडायला येतो.

३. 'दुर्मीळ रानपिंगळा' म्हणून फोटो फिरत असेल, तर आधी डोकं आणि पोट बघा. डोक्यावर ठिपके गच्च असतील तर तो आपला नेहमीचा पिंगळा.

४. दिवाळीच्या सुमारास घुबड विकत मिळत असल्याचं कळलं, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

यातला तिसरा मुद्दा किरकोळ वाटेल. पण एका माणसाने चिठ्ठीवर चुकीची जागा लिहिली आणि रानपिंगळ्याची शेवटची नोंद म्हणून तीच पुस्तकांत बसली. तेवढ्या काळात सातपुड्यातलं किती जंगल गेलं, त्यात किती ढोल्या गेल्या, हे मोजायला तिथे कुणी नव्हतं. कारण पक्षी तिथे आहे, हेच कागदावर नव्हतं.

यंदा तानसा भरल्याची बातमी आली, की तेवढं आठवा. त्या पाण्याच्या काठी एखाद्या वाळक्या फांदीवर, भर दिवसा, एक छोटं घुबड सरड्यावर नजर ठेवून बसलेलं असू शकतं.